भुंडी गिटार

औरंगाबाद,
८ नोव्हेंबर २००६

अमिनाआपा,

सलाम. पुढं 'विनंती विशेष' लिहायची पद्धत आहे, ती मुद्दाम गाळली. विनंती कसली करायची तुला? मोबाईल तू उचलत नाहीस. उचललाच तर तुझी भावजय बोलते आणि म्हणते, आपा आंघोळीला गेल्यात. सकाळी आंघोळीला, दुपारी आंघोळीला, संध्याकाळीही आंघोळीलाच. गंगेवरच्या म्हशीसुद्धा एवढ्या डुंबत नसतील. म्हणून हे पत्र. ते तरी तुला कोरड्या हातानं घ्यावं लागेल.

इकडं सगळं ठीक. आमचे हे, काकासाहेब, एसटीतून रिटायर झाले. आता दिवसभर घरात बसून मला वरणाला फोडणी कशी द्यायची ते शिकवतात. औंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या. माझा फराळाचा डबा लासूर स्टेशनला तुझ्या भावाच्या घरी पोचला, इब्राहीमभाईंनी तसा निरोप दिला. तुझा शिरखुर्मा मात्र वाटेत कुठं आटला कोण जाणे. चिवडा खाल्लास ना? खाल्लाच असशील. तुझा राग माझ्यावर आहे, चिवड्यानं काय घोडं मारलंय.

आता मुद्द्याचं. मी फ्रेटलेस बेस गिटार घेणार आहे.

कशासाठी म्हणून विचारू नको. गणपतीतल्या कार्यक्रमात तू भर गझलेत थांबलीस आणि माईकवरून, सगळ्या हॉलसमोर मला म्हणालीस, "मनकर्णा, गिटार तरी लावून घे गं." हॉल हसला. पहिल्या रांगेतल्या त्या पैठण्या नेसलेल्या बाया, ज्यांना षड्ज आणि सायकलची घंटी यातला फरक कळत नाही, त्यासुद्धा तोंडाला रुमाल लावून हसल्या. मग तू उठलीस ती थेट लासूर स्टेशन गाठलंस. माझ्या दादाच्या ऑर्केस्ट्रात बेसवाला ऐनवेळी आला नाही म्हणून माझ्या गळ्यात ही गिटार पडली, तेव्हा तूच म्हणाली होतीस की पाठीमागं बाईमाणूस असलं की मला गायला हिंमत येते. एवढी वर्षं बसले तुझ्या पाठीमागं. आणि तू चारचौघांत माझी अशी शोभा केलीस.

बरं. दोष गिटारीत आहे ना? मग गिटारच बदलते.

तुला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सांगते. माझ्या गिटारीच्या दांडीवर धातूच्या आडव्या काड्या आहेत बघ, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट थोडं मागंपुढं पडलं तरी सूर त्या काडीवर ठरतो, जागचा हलत नाही. फ्रेटलेसला त्या काड्याच नसतात. सगळी दांडी भुंडी, बांगड्या उतरवलेल्या हातासारखी. सूर कुठं आहे ते आपल्या बोटानं हुडकायचं. म्हणजे यापुढं काही चुकलं तर गिटारीला बोल लावायची सोय नाही. माझ्या बोटाला लाव, बेलाशक लाव.

घाई एवढ्यासाठी की १६ डिसेंबरला, शनिवारी, तात्यासाहेबांनी मैफल ठेवलीय. गाण्याची पार्टी त्यांची, हॉल त्यांनी ठरवलेला, त्यामुळं अक्कलही त्यांचीच चालायची. तुझ्या नावाची जागा पत्रिकेत अजून कोरी आहे. महिनाअखेरपर्यंत तुझा होकार आला नाही तर तिथं एका पोरीचं नाव छापणार आहेत. टीव्हीवरच्या कुठल्याशा स्पर्धेत दुसऱ्या फेरीपर्यंत पोचली होती म्हणे. दुसऱ्या फेरीपर्यंत! याचं कौतुक तात्यासाहेब दिवसातून इतक्या वेळा सांगतात की वाटावं पोरगी चंद्रावर जाऊन आली. गझल म्हणताना हात असे उडवते जशी जेवणावरच्या माश्या हाकलतेय. आणि एकदा त्या जागेवर ती उभी राहिली की तुला परत कुणी बोलवायचं नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

तर गिटारीच्या शोधात आधी गुलमंडीवर गेले. दुकानदार म्हणाला, "या बाई. मुलासाठी का नातवासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यानं माझ्या पिशवीतल्या मेथीच्या जुडीकडं बघितलं. मग एक निळी, चमकी मारलेली गिटार काढली. म्हटलं, बेस पाहिजे, चार तारांची, फ्रेटलेस. तो म्हणाला असलं काही येत नाही. शेवटी माळ्यावरून धुळीनं माखलेली एक काढून म्हणतो कसा, "ही न्या, स्वस्तात लावतो. कंपनीकडूनच खराब आली. काड्या बसवायच्या राहूनच गेल्या बघा." आपा, तीच फ्रेटलेस होती! ह्या माणसानं जी वस्तू इतकी वर्षं सांभाळली ती काय आहे हेच त्याला ठाऊक नाही. दांडी डोळ्यापुढं धरून बघितली तर काकासाहेबांच्या पाठीसारखी कमानदार. ठेवून आले.

मग सिडकोतला एक इंजिनिअरिंगचा पोरगा. त्याला त्याची विकायची होती. त्यानं चांगली फ्रेटची गिटार घेऊन काड्या पकडीनं उपटल्या होत्या आणि भेगांत सुताराकडची लांबी भरली होती. दांडी अशी दिसत होती की शेळीनं चावून सोडलीय. वर मलाच शिकवतो, "आंटी, फ्रेटलेसचा साउंड कसा पाहिजे, म्वाऽऽ असा पाहिजे." आणि काढून दाखवला. रेडकू हंबरल्यासारखा. त्याची आई आतून धावत आली.

आता छावणीत शांतवन साळव्यांकडं जायचंय. ते चर्चमध्ये बेस वाजवतात, त्यांच्याकडं दोन आहेत म्हणे. बघू तिथं काय दिवे लागतात ते.

तू कळव. मला नको कळवू, मी कोण लागून गेले? तात्यासाहेबांना कळव.

गिटार न लावणारी,
मनकर्णा


औरंगाबाद,
२५ नोव्हेंबर २००६

अमिनाआपा,

सलाम. तब्येत कशी आहे हे विचारलं असतं, पण उत्तर देणार कोण? भिंतीशी बोलावं तर निदान ती समोर तरी असते.

गिटार घेतली.

शांतवन साळवे हा माणूस गोड बोलतो आणि लई बोलतो. मला खुर्ची दिली, केक दिला, आणि मग अर्धी सकाळ स्वतःच वाजवत बसला. बोटं अशी पळवत होता की येशूलाही वाटावं, थांब बाबा जरा. मी म्हटलं, साळवे, तुमचं झालं असेल तर मला हात लावू द्या. दोन गिटारी होत्या. एकीच्या दांडीवर, जिथं फ्रेट असायचे तिथं बारीक पांढऱ्या रेघा आखलेल्या. दुसरी कोरी. ना रेघ, ना ठिपका.

ते म्हणाले, "पहिलीच आहे ना तुमची? मग रेघांची घ्या. नवशिके रेघांचीच घेतात."

नवशिकी! मला! मी इकडं मंडप गाजवत होते तेव्हा ह्यांची चड्डीची नाडी आई बांधत असेल.

पण राग गिळून दोन्ही बघितल्या. दांडी सरळ आहे का, तारा कुठल्या आहेत. गोल गुंडाळीच्या तारा भुंड्या दांडीचं लाकूड खातात, चपट्या पाहिजेत, तेवढं मला कळतं. मग कान लाकडाला टेकवला आणि एकेक सूर दाबून सोडला. रेघांची लवकर गप्प व्हायची. कोरीचा सूर उशिरापर्यंत मुरत राहायचा, आणि बोट हळूच मागं घेतलं की तोही हळूच मागं यायचा, कुठं तुटायचा नाही. मी कोरी घेतली. साळवे म्हणाले, "पस्तावाल. अंधारात चालल्यासारखं आहे हे." म्हटलं, तुमचं तुमच्यापाशी ठेवा. का घेतली ते तुला नंतर सांगेन. कदाचित नाही सांगणार.

घरी काकासाहेबांनी बघितली आणि विचारलं, "काड्या रिक्षात पडल्या काय?" ह्यांच्याशी मी संसार केला.

व्हायोलिनवाल्या मुख्तारला बोलावून घेतलं. पहिल्या दिवशी माझी जी काय फजिती झाली ती तुला सांगितलीच पाहिजे, कारण तू खुश होशील आणि तेवढं तरी माझ्याकडून तुला मिळू दे. फ्रेटच्या गिटारीवर बोट काडीच्या जरा अलीकडं दाबायचं असतं. पुढचं काम काडी करते. भुंड्या दांडीवर बोट नेमकं सुराच्या जागेवर पडायला लागतं. माझं बोट आपलं सवयीनं अलीकडं! काडीच नाही तर सूर अलीकडंच राहणार. एकूण एक सूर उतरलेला. मुख्तार पोट धरून हसला.

"बाजी, ये क्या बजा रै तुम? पूरा घर नीचे उतर गया!"

मी म्हटलं, दात आवर आणि कॅसेट लाव. त्याच्याकडं गणपतीतल्या कार्यक्रमाची कॅसेट आहे. त्याच्या त्या डबड्या टेपवर बेस ऐकूच येत नाही, फक्त तू आणि व्हायोलिन. म्हटलं तुझ्या आवाजाबरोबर सराव करते. मतला सुरू झाला, मी खाली, तू वर. भांडणच. पहिला शेर, तसंच. मुख्तार हसतोय. दुसरा शेर, जरा बरं. तिसऱ्या शेराला माझं तेच चुकलेलं बोट, तेच काडीच्या अलीकडं पडलेलं बोट, तुझ्या आवाजाला जाऊन असं चिकटलं की फट राहिली नाही.

मुख्तारचं हसू थांबलं. कॅसेट संपेपर्यंत तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता आणि मी माझ्या पायाकडं. मग तो म्हणाला, "चाय पीते?" आणि मी चहा टाकला.

यावर मी काही म्हणत नाही. तुला काय समजायचं ते समज.

मागच्या रविवारी तुझ्याकडं येऊन गेले. सांगितलं असेल तुला. जीपमध्ये माझ्या मांडीवर एका बाईनं तिची कोंबडी दिली आणि स्वतः झोपली. लासूर स्टेशनला उतरले तर इब्राहीमभाई दारातच. "आपा झोपल्यात." उन्हं डोक्यावर आली होती, आपा. त्यांनी मला बसवून चहा दिला, मोंढ्यातले कांद्याचे भाव सांगितले, कापसाचे सांगितले, मक्याचे सांगितले. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, कानशिलावरून घाम ओघळत होता. आतल्या खोलीचा पडदा हालला तेव्हा खाली तुझे पाय दिसले. त्या हिरव्या सपाता मीच घेऊन दिल्या होत्या.

मला वाईट वाटलं. वाटायचं कारण नव्हतं, पण वाटलं. परतताना जीपमध्ये रडले. नेमकी तीच कोंबडीवाली शेजारी होती, तिनं मला केळ दिलं.

तात्यासाहेब रोज विचारतात. मी सांगते, आपाचा घसा बसलाय, येईल. किती दिवस सांगू?

मनकर्णा


औरंगाबाद,
१० डिसेंबर २००६

आपा,

पत्रिका छापून आली. त्या पोरीचा फोटो एवढा मोठा आहे की तात्यासाहेबांचं नाव कोपऱ्यात कुठंतरी चिरडलंय. तेवढं एक बरं झालं.

काल तालीम होती. मीही गेले. तात्यासाहेबांना वाटलं, बाई शहाण्यासारखी आली. पोरीनं सुरू केलं. आवाज चांगला आहे तिचा, खोटं कशाला बोलू? स्वच्छ, सरळ, नळाच्या पाण्यासारखा. चव नाही, पण स्वच्छ. मतल्याला मी ठीक होते. पहिल्या शेरालाही. आणि मग तिसरा शेर आला आणि माझं बोट आपसूक मागं सरकलं. ती वरच उभी आणि मी खाली गेलेली. तिनं हात वर करून गाणं थांबवलं.

"आंटी, आप फ्लॅट हो रहे हो."

पुन्हा केलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा केलं. तबलेवाला बन्सी मान खाली घालून डग्गा पुसायला लागला. तात्यासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मनकर्णाबाई, या वेळी तुम्ही आराम करा. नवा कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस सांभाळून घेईल." डाव्या हातानं! उजव्या हातानं त्याला चहाचा कप सांभाळता येत नाही.

तर मी पार्टीतून गेले. आता मला कुणाची भीड नाही, तुझी तर अजिबात नाही. नीट बसून वाच.

उन्हाळ्यात गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तुझा आवाज शेवटाकडं खाली येतो. लई नाय, थोडा. सुरुवातीला जागेवर असतो, दुसऱ्या शेराला थकतो, तिसऱ्याला उतरतो. तुला कळत नाही, कारण गाणाऱ्याला आतून तो आहे तिथंच वाटतो. आम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मुख्तार त्याचं बोट तुझ्याबरोबर खाली घेत होता. व्हायोलिनला कुठले फ्रेट? बन्सी तबल्याच्या चाटेवरून, त्या सुरात बोलणाऱ्या काठावरून, हात काढून डग्ग्यावर राहत होता. पेटी तू पहिल्यापासून पार्टीत घुसू दिली नाहीस. मग राहिलं कोण? मी. सगळे तुझ्यासोबत उतरायचे आणि माझी गिटार एकटी तिच्या काड्यांवर अडकून वर राहायची. गणपतीत तुला ती टोचली. तुला वाटलं, गिटार चढलीय.

गिटार चढली नव्हती, आपा. तू उतरली होतीस.

घे, लिहिलं. हे लिहायचं नव्हतं म्हणून गुलमंडी, सिडको, छावणी, सगळी वरात काढली. तू मला हॉलसमोर बोललीस त्याचा राग आला, तो होताच, पण त्यापायी कुणी नवी गिटार घेतं का? मला एवढंच हवं होतं की पुढच्या वेळी तू खाली आलीस तर मलाही तुझ्याबरोबर खाली येता यावं, आणि हे तुला कधी कळूच नये. रेघांची घेतली असती तर त्या रेघांनी मला पुन्हा सुरात ठेवलं असतं. मला सुरात नव्हतं वाजवायचं. तुझ्याबरोबर वाजवायचं होतं. म्हणून कोरी घेतली. पहिल्या दिवसाची ती चूक मी मुद्दाम मुरवली, रोज तुझ्या कॅसेटबरोबर. उघडी तार, बोट न दाबता वाजते ती, वाजवणं बंद केलं, कारण उघडी तार खाली येत नाही. मतल्याला जागेवर, दुसऱ्याला जरा मागं, तिसऱ्याला तुझ्यापाशी. आता बोटाला तेवढंच येतं. दुसऱ्या कुणाहीबरोबर मी चुकीची आहे, काल सगळ्यांनी ऐकलं.

तू म्हणशील मनकर्णानं माझी कीव केली. कीव माझी जुतीसुद्धा करणार नाही. तू गर्विष्ठ आहेस. हट्टी आहेस. स्वतःच्या चुकीचं खापर फोडायला तुला दुसऱ्याचं डोकं लागतं. मी एवढ्या लांबून आले तर पडद्यामागं लपलीस, अगं लहान लेकरं बरी. पण तू पहिली ओळ लावलीस की माझ्या अंगावर काटा येतो. आधी यायचा, अजून येतो. तिसऱ्या शेराला तर जास्तच येतो, कारण तिथं तुझा आवाज खाली येताना काहीतरी असं घेऊन येतो जे आधी त्यात नव्हतं. त्या नळाच्या पाण्याला ते जन्मात जमायचं नाही. हे तुला कुणी सांगितलं नाही, कारण तू कुणाला समोर येऊ देत नाहीस.

मुख्तारनं तात्यासाहेबांना सांगून टाकलं, त्या दिवशी जमणार नाही. कारण विचारलं तर म्हणाला, लग्न आहे. कुणाचं, ते त्याला सुचलं नाही. बन्सीही तुझ्याकडं येतोय. तो म्हणतो हुरड्यासाठी येतोय, तसं समज.

शनिवारी, १६ तारखेला, दुपारी आम्ही तिघं लासूर स्टेशनला येऊ. तू झोपली असलीस तर झोप. आंघोळीला गेली असलीस तर सावकाश कर. इब्राहीमभाईंना पुन्हा खोटं बोलायला लावू नको, त्यांची प्रकृती तशी नाही. आम्ही तुमच्या ओट्यावर सतरंजी टाकू आणि तुझी गझल सुरू करू. तिथं पेटी नसेल, कीबोर्ड नसेल, पहिली रांग नसेल. तू आलीस तर पहिल्या ओळीला तुझ्यासोबत असू, आणि तिसऱ्या शेराला तू जिथं जाशील तिथं सगळे येऊ. मग उतरलं कोण, हे कुणी ठरवायचं?

दार उघड, आपा. ही एकच विनंती, आणि ती विशेष आहे.

तुझ्याइतकीच उतरलेली,
मनकर्णा